बातम्या संपल्या

दहा मिनिटांच्या बातमीपत्रात प्रत्यक्ष बातम्यांच्या वाट्याला साडेआठ मिनिटंसुद्धा येत नाहीत. सुरुवातीला ठळक बातम्या, शेवटी पुन्हा त्याच ठळक बातम्या, मध्ये निवेदकाला श्वास घ्यायला जागा, एवढं वजा केलं की उरतं ते आपलं. मराठी वाचताना मिनिटाला शंभर ते सव्वाशे शब्द सुखाने जातात. वेग वाढवला तर ऐकणाऱ्याला धाप लागते, कमी केला तर त्याला वाटतं, बाई पेंगते आहे. म्हणजे सगळं मिळून हजारभर शब्द. त्यात मंत्रिमंडळाचा निर्णय, विदर्भातला कापूस, नाशिकचा कांदा, घाटातला अपघात, क्रिकेट आणि हवामान बसवायचं, आणि काटा ठरलेल्या जागी आला की थांबायचं. पुढे नाट्यसंगीत लागायचं असतं, ते मुख्यमंत्र्यांसाठीही थांबत नाही.

हे काम मी आधी आकाशवाणीवर केलं, मग वरळीला दूरदर्शनच्या वृत्त विभागात, आणि शेवटची काही वर्षं चोवीस तास चालणाऱ्या एका मराठी वाहिनीच्या डेस्कवर. लोक भेटले की म्हणतात, "तुमचा आवाज ओळखीचा वाटतो." कौतुक कुणाला नको असतं? पण या व्यवसायात आवाजाचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. त्याआधी कुणीतरी ठरवलेलं असतं की आज या साडेआठ मिनिटांत काय जाईल आणि काय जाणार नाही. ते ठरवणं म्हणजे पत्रकारिता. वाचणं ही त्याच्यावरची सही.

आकाशवाणीत मी शिरले ती नैमित्तिक वृत्तनिवेदक आणि अनुवादक म्हणून. हे लांबलचक नाव मुद्दाम पूर्ण दिलं, कारण 'अनुवादक' हा त्यातला अर्धा भाग लोकांना माहीतच नसतो. आवाजाची चाचणी होती, पण तिच्याआधी लेखी परीक्षा: इंग्रजी मजकूर समोर, घड्याळ समोर, मराठी बातमी लिहा. पास झालं की पॅनेलवर नाव, आणि महिन्याला मोजक्या ड्यूट्या. त्यावर घर चालत नाही. म्हणून आमच्यातले बरेच जण कुठे शिकवायचे, कुणी बँकेत होतं, कुणी नाटकात. मीही एका खासगी कंपनीत टायपिंग करत होते. खात्यातले कायम अधिकारी वेगळे. ते भारतीय माहिती सेवेतले, केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन आलेले, आणि त्यांच्या बदल्या देशभर होत. ज्यांचा आवाज महाराष्ट्र ओळखत होता त्यातल्या अनेकांची नोकरी कायम नव्हती, आणि ज्यांची कायम होती त्यांचा आवाज कुणी ऐकलेला नव्हता.

पहाटेच्या ड्यूटीला पहिल्या लोकलने चर्चगेट. तिथून मंत्रालयाच्या बाजूला चालत. समोर आमदार निवास, तेही आकाशवाणीच्याच नावाने ओळखलं जाणारं. वर गेलं की आधी टेलिप्रिंटरचा आवाज आणि मग चहा. पीटीआय, यूएनआय यांचा मजकूर इंग्रजीत यायचा, दिल्लीच्या मध्यवर्ती वृत्तकक्षाचा 'पूल'ही इंग्रजीत. हिंदीसाठी देवनागरी टेलिप्रिंटर होता, मराठीचं मात्र सगळं आमच्या हातून व्हायचं. याशिवाय जिल्ह्याजिल्ह्यात आमचे अंशकालीन वार्ताहर. वकिली, मास्तरकी किंवा छोटं साप्ताहिक सांभाळून हे काम करणारे. त्यांचा फोन म्हणजे परीक्षाच. लाइन इतकी खरखरायची की गावाचं नाव बालवाडीतल्यासारखं घ्यावं लागे: ग गणपतीचा, भ भटजीचा. गडचिरोलीहून आलेल्या बातमीत नदीला पूर आहे की गावात धूर, हे तीनदा विचारून घ्यावं लागलेलं मला आठवतं.

कानासाठी लिहिणं हा स्वतंत्र हुन्नर आहे, आणि तो कुठल्या पुस्तकात नव्हता. ज्येष्ठ मंडळी लाल पेनाने शिकवायची. वाचकाला ओळ कळली नाही तर तो मागे जाऊन पुन्हा वाचतो. श्रोता मागे जाऊ शकत नाही. तो दाढी करत असतो, पोळ्या लाटत असतो. म्हणून कोण म्हणालं ते आधी सांगायचं, काय म्हणालं ते नंतर. एका वाक्यात एकच आकडा. एक हजार नऊशे शहाऐंशी कोटी असेल तर 'सुमारे दोन हजार कोटी'. कंस नाही, 'वरील' नाही, 'अनुक्रमे' तर अजिबात नाही, कारण ऐकणाऱ्याने मघाचा क्रम लक्षात ठेवलेला नसतो.

आणि सगळ्यात मोठा सापळा मराठीच्या वाक्याचाच. आपलं क्रियापद शेवटी, नकार त्याच्याही शेवटी. "अमुक मंत्र्यांनी आपल्या पदाचा राजीनामा दिलेला नाही" हे वाक्य मी हवेत सोडलं आणि शेवटच्या दोन अक्षरांवर स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, तर त्या घरापुरता मंत्री गेला. म्हणून लिहायचं, "राजीनाम्याच्या वृत्ताचा अमुक यांनी इन्कार केला आहे." इन्कार हा शब्द अंगाने भरीव आहे, तो शिट्टीत बुडत नाही. असे शब्द आम्ही शोधून ठेवायचो.

स्टुडिओत नेण्याचे कागद टाचलेले नसत. एका कागदावर एकच बातमी, आणि वाक्य पानाच्या शेवटी तोडायचं नाही. वाचून झालेला कागद उलटायचा नाही, बाजूला सरकवायचा, कारण माइकला कागदाची सळसळ पावसासारखी ऐकू येते. टेबलावर खोकल्यासाठी एक बटण असायचं. ते दाबून ठेवलं की माइक बंद. शेवटच्या ठळक बातम्यांना किती सेकंद लागतात ते आधीच मोजून वर पेन्सिलीने लिहिलेलं असे, म्हणजे काटा तिथे आला की हातातली बातमी संपवून तिकडे उडी मारायची. दोन-तीन छोट्या बातम्या राखीव ठेवायच्या, मजकूर कमी पडला तर. त्या राखीव बातम्यांचं नशीब वाईट. कुठल्याशा गावातल्या वाचनालयाची शताब्दी आठवडाभर आमच्याबरोबर स्टुडिओत ये-जा करायची आणि प्रसारित न होताच शिळी व्हायची.

माझ्या आधीच्या पिढीने मराठी घरांना बातम्या ऐकण्याची शिस्त लावली होती. सकाळी साडेआठला दिल्लीहून नेमिनाथ उपाध्ये किंवा दत्ता कुलकर्णी, त्याआधी पुण्याहून सुधा नरवणे. "आपल्याला बातम्या देत आहे" हे शब्द आले की घरात कुणी बोलायचं नाही. अनेकांची शाळेला निघायची वेळ त्यावरून ठरत असे. आता लोक या आठवणी फार हळवेपणाने काढतात. मला त्यातला हळवेपणा नको, त्यामागचा हिशेब महत्त्वाचा वाटतो. ठरलेली वेळ, ठरलेली लांबी आणि ठरलेला शेवट. शेवट ठरलेला असला की निवड करावीच लागते, आणि निवड करायची तर खात्री करावी लागते, कारण चुकीच्या बातमीने अडवलेली जागा बरोबर बातमीला परत मिळत नाही.

अर्थात शिस्त होती म्हणजे सगळं आलबेल होतं असं नव्हे. वृत्तकक्षात नव्या माणसाला दोन गोष्टी हमखास सांगितल्या जात. पहिली २२ मार्च १९७९ची. जयप्रकाश नारायण मुंबईत जसलोक रुग्णालयात होते. त्यांचं निधन झाल्याचं पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी लोकसभेत सांगितलं, सभागृहाने श्रद्धांजली वाहिली, आकाशवाणीनेही बातमी दिली. आणि जयप्रकाशजी जिवंत होते! त्यांचं निधन झालं त्या वर्षीच्या ८ ऑक्टोबरला, पाटण्यात. देशाच्या पंतप्रधानांनी संसदेत सांगितलेली बातमी खोटी असू शकते असं कुणाच्या मनात येईल? आमचे एक ज्येष्ठ म्हणायचे, "पंतप्रधान दिल्लीत होते, पेशंट पेडर रोडला. टॅक्सीने किती वेळ लागतो?" बाकीचं व्याख्यान त्यांना द्यावं लागत नसे.

दुसरी गोष्ट उलट्या बाजूची, ३१ ऑक्टोबर १९८४ची. इंदिरा गांधींवर सकाळी सव्वानऊच्या सुमारास गोळ्या झाडल्या गेल्या. बीबीसीने त्यांच्या मृत्यूची बातमी दिल्याला कितीतरी तास झाले तरी आकाशवाणी आणि दूरदर्शन हल्ल्याच्याच बातमीवर होते. निधनाची अधिकृत बातमी आली संध्याकाळी. तोवर देश परदेशी केंद्र लावून बसलेला. सरकारी माध्यमाचं दुखणं यात उघडं पडतं. खात्री आणि परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्याकडे त्या एकाच टेबलावर, एकाच फाइलीत असायच्या, आणि कधी कधी परवानगीलाच खात्री म्हटलं जायचं. मंत्र्यांच्या उद्घाटनांनी किती मिनिटं खाल्ली याचा हिशेब काढला तर ते वाचनालय दहा वेळा बसलं असतं.

वरळीला गेले तेव्हा दूरदर्शनचा दबदबा शिखरावर होता. मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला, दिल्लीनंतरचं देशातलं दुसरं. विश्वास मेहेंदळे, अनंत भावे, प्रदीप भिडे, भक्ती बर्वे ही नावं घरातल्या माणसांसारखी घेतली जात. स्मिता पाटील सिनेमात यायच्या आधी इथेच मराठी बातम्या वाचायच्या. जीन्सवरच साडी नेसून त्या कॅमेऱ्यासमोर बसायच्या हा किस्सा वरळीच्या कॅन्टीनमध्ये प्रत्येक नव्या मुलीला ऐकवला जाई. कॅमेरा कमरेच्या वरच असतो, हे त्यातलं तांत्रिक ज्ञान.

जुनी मंडळी सोळा मिलिमीटरच्या फिल्मच्या गोष्टी सांगायची. शूटिंग करून आणायचं, धुवायचं, सुकवायचं, कापायचं, चिकटवायचं, मग संध्याकाळी दाखवायचं. दुपारनंतर घडलेल्या गोष्टीला दृश्य नाही, नुसतं वाचन. मी आले तोवर फिल्म जाऊन यू-मॅटिक कॅसेट आली होती. विटेएवढी जड कॅसेट. जिल्ह्यातून ती एसटीच्या पार्सलने यायची, नागपूरहून विमानाने. कॅसेट आणायला गेलेला माणूस आणि बातमीपत्राची वेळ यांची शर्यत रोज लागायची. दृश्य आलं की आमचं रेडिओचं ज्ञान निम्मं निकामी व्हायचं. रेडिओत शब्दाने चित्र काढायचं, इथे चित्र समोरच आहे, मग शब्दाने चित्रात न दिसणारं सांगायचं. नदी दुथडी भरून वाहते आहे हे प्रेक्षकाला दिसतं. कुठल्या धरणातून किती पाणी सोडलं, हे दिसत नाही. ही एवढी गोष्ट अजूनही अनेक वाहिन्यांना जमलेली नाही.

३० सप्टेंबर १९९३. आदला दिवस अनंत चतुर्दशीचा. आमची कॅमेरा पथकं रात्रभर गिरगाव चौपाटीवर होती आणि दिवसाचं बातमीपत्र विसर्जनाभोवती आखलं होतं. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद (आजचं धाराशिव) जिल्ह्यांच्या सीमेवर भूकंप झाला. सकाळी हाताशी होतं ते इतकंच: धक्का मोठा आहे आणि त्या भागातले फोन लागत नाहीत. फोन न लागणं हीच पहिली बातमी होती. दृश्य नव्हतंच. पडद्यावर नकाशा ठेवला.

मग आकडे येऊ लागले, आणि प्रत्येक फोनचा आकडा वेगळा. एक म्हणतो शेकडो, दुसरा म्हणतो हजारो. अशा वेळी डेस्कवर जे भांडण होतं ते बाहेरच्या माणसाने एकदा पाहायला हवं. मोठा आकडा खरा निघण्याची शक्यता सगळ्यांनाच दिसत असते, तरी तो कुणी सांगितला याचं नाव मिळेपर्यंत वाचायचा नाही. आम्ही अधिकाऱ्यांनी दिलेला आकडा त्यांच्या नावावर टाकला आणि पुढे स्पष्ट म्हटलं की अनेक गावांशी संपर्क झालेला नाही, हा आकडा वाढेल. तो वाढत वाढत सुमारे दहा हजारांवर गेला. मातीत बांधलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड छप्पर, त्याखाली माणसं झोपलेली होती.

त्या दिवशी वृत्त विभागातले फोन मुंबईत राहणाऱ्या तिकडच्या माणसांनी व्यापले होते. गिरणीतले, बांधकामावरचे, पोलिसातले. त्यांना एकूण आकड्याशी देणंघेणं नव्हतं. "आमच्या गावाचं नाव आलंय का?" एवढंच विचारायचे. तेव्हा ठरलं की मंत्र्यांच्या दौऱ्याची ओळ कापायची आणि गावांची नावं वाचायची: किल्लारी, सास्तूर, आणि मग पुढची, जशी कळत गेली तशी. प्रत्येक नावामागे थोडं थांबायचं. त्या थांबण्याला सेकंद लागतात, आणि ते सेकंद दुसऱ्या कुठल्या तरी बातमीतून काढावे लागतात. काढले.

२००७ साली मराठीत चोवीस तासांच्या वृत्तवाहिन्यांची लाट आली. झी २४ तास, स्टार माझा, पाठोपाठ आयबीएन लोकमत. त्याआधी अल्फा मराठी, ई टीव्ही मराठी या वाहिन्यांवर बातमीपत्रं होती, पण ती इतर कार्यक्रमांच्या मधली. आता बातमीला अख्खा दिवस मिळाला. मी एका वाहिनीच्या डेस्कवर गेले आणि पहिल्याच दिवशी सवयीने विचारलं, "बुलेटिन किती मिनिटांचं?" पोरं हसली. चोवीस तासांची वाहिनी म्हणजे कधीच न उठणारी पंगत. वाढपी दमतात, पानं तीच राहतात, आणि आमटीत पाणी वाढत जातं.

काम कसं चालतं ते सांगते. 'असाइनमेंट' डेस्क बातमीदारांना पाठवतं आणि त्यांच्याकडून मजकूर घेतं. 'आउटपुट' डेस्क त्यातून पडद्यावर काय, कधी जाईल ते ठरवतं. त्या क्रमाची यादी म्हणजे रनडाऊन. नेत्याचं कॅमेऱ्यासमोरचं बोलणं म्हणजे बाइट, बातमीदार स्वतः कॅमेऱ्यात बघून बोलतो ते पीटीसी, फोनवरून बोलतो तो फोनो. वाहिनीचं नाव लावलेला माइक म्हणजे बूम, आणि गर्दीत माणसाआधी बूम पोचला पाहिजे हा नियम. पूर्वी थेट प्रक्षेपणाला छत्री लावलेली ओबी व्हॅन लागायची, आता पाठीवरच्या पिशवीत अनेक सिमकार्डं एकत्र जोडलेलं यंत्र असतं. नेटवर्क असलं की कुठूनही लाइव्ह. अँकरच्या कानात सतत नियंत्रण कक्ष बोलत असतो: "कोल्हापूर तयार आहे, कोल्हापूर गेलं, तूच भर काहीतरी." समोर प्रवक्ते भांडत असतात, कानात प्रोड्यूसर ओरडत असतो आणि चेहरा शांत ठेवायचा असतो. दुरून हसणाऱ्यांनी ते एक तासभर करून बघावं. माझ्या वेळच्या किती निवेदकांना ते जमलं असतं, शंका आहे.

म्हणून नव्या पोरांना नावं ठेवणाऱ्यांत मी नाही. अनेकांची बातमीची नजर आमच्यापेक्षा तेज आहे, आणि मंत्र्याला तोंडावर प्रश्न विचारण्याची हिंमत तर आम्हाला कधी करावीच लागली नव्हती. अडचण आहे ती न संपणाऱ्या वेळेची. भरायला जागा आहे म्हणून बातमी ताणली जाते. पाच सेकंदांचं दृश्य गोल गोल फिरत राहतं. मी डेस्कवर असताना दर आठवड्याला रेटिंगचे आकडे यायचे आणि कुठल्या मिनिटाला प्रेक्षक उठून गेला ते दाखवायचे. तो दुसरीकडे जाईल या धास्तीने खात्रीची वाट न बघता लाल पट्टी चढते. चुकलं तर पट्टी काढली की झालं, असा समज. आणि राखीव बातमी नावाची चीजच संपली. ते शताब्दीचं वाचनालय आता यादीतही येत नाही, कारण ते लाइव्ह दिसत नाही.

याची किंमत किती असते ते २००८च्या नोव्हेंबरात दिसलं. मुंबईवर हल्ला झाला तेव्हा नरिमन हाउसच्या छतावर हेलिकॉप्टरमधून कमांडो उतरत होते आणि ते देशभर थेट दिसत होतं. सीमेपलीकडे बसून फोनवरून हल्लेखोरांना सूचना देणारेही दूरचित्रवाणी बघत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२च्या कसाब प्रकरणाच्या निकालात या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. २०१५ साली केबल दूरचित्रवाणीच्या नियमांत बदल झाला: दहशतवादविरोधी कारवाई सुरू असताना थेट प्रक्षेपण करायचं नाही, नेमलेला अधिकारी वेळोवेळी जी माहिती देईल तेवढीच द्यायची. सरकारने नियम करून पत्रकाराचा कॅमेरा बंद करावा हे मला पटत नाही. पण त्या तीन दिवसांत आम्ही आपणहून तो वळवला असता तर हा नियम आलाच नसता, हेही तितकंच खरं.

या क्षेत्रात येऊ पाहणारी मुलं-मुली कधी घरी येतात. बहुतेकांना अँकर व्हायचं असतं. मी त्यांना आधी जिल्ह्यातल्या स्ट्रिंगरबद्दल सांगते. वाहिनीवर दिसणारा महाराष्ट्र त्याच्या मोटारसायकलवरून येतो आणि त्याला अनेकदा बातमीमागे पैसे मिळतात, पगार नाही. लागली तर पैसे, नाही लागली तर पेट्रोल खिशातलं. रेडिओचं विचारलं तर त्यांना आश्चर्य वाटेल अशी एक गोष्ट आहे: आपल्याकडे खासगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, पाणी कधी येणार हे सांगता येतं, आणि २०११च्या धोरणापासून आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं. त्यामुळे रेडिओवर बातमीदार व्हायचं तर दार एकच, आणि त्या दारातही पॅनेल, मोजक्या ड्यूट्या, तीच जुनी रांग. शिक्षणाला पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट आहे, अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र आहे. तिथे कॅमेरा, संपादन सगळं शिकवतात. कान तयार करायला मात्र रोज एक बातमी मोठ्याने वाचून घरातल्या कामात असलेल्या माणसाला ऐकवावी आणि त्याला काय समजलं ते विचारावं.

२०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत महापूर आला. माझं माहेर तिथलं, दादा-वहिनी आणि आई अजून तिथेच. मी तेव्हा निवृत्त होऊन मुंबईत होते. सांगलीकराला पुरात एकच प्रश्न पडतो, आयर्विनला किती? आयर्विन पुलाची पातळी फुटांत मोजतात, पंचेचाळीस फूट म्हणजे धोका. त्या वर्षी ती सत्तावन्नच्या वर गेली. दादाच्या घरची वीज गेलेली, टीव्ही बंद, फोन कसाबसा गाडीच्या बॅटरीवर चार्ज केलेला. त्याने मला विचारलं, "टीव्हीवर काय म्हणतायत गं? आयर्विनला किती झालं? कोयनेतून किती सोडलंय?"

मी बराच वेळ वाहिन्या बदलत बसले. बोटी दिसत होत्या, छतावरची माणसं दिसत होती, कमरेएवढ्या पाण्यात उभे बातमीदार दिसत होते, मुंबईत बसलेले चार जण जबाबदार कोण यावर भांडत होते. फुटांचा आकडा कुठे सापडेना. शेवटी ओळखीच्या एका जुन्या जिल्हा वार्ताहराला फोन केला. त्याने पुलाची पातळी, कोयनेचा विसर्ग, अलमट्टीचा विसर्ग, सगळं एका दमात सांगितलं, कुठून मिळालं त्यासकट. मी कागदावर ओळी मांडल्या आणि दादाला वाचून दाखवल्या. तो म्हणाला, "बरं, मग आईला आत्ताच वर नेतो. पुढचं कधी सांगशील?"

"सात वाजता," मी म्हटलं.

मग पाणी उतरेपर्यंत सकाळी सात, दुपारी दीड आणि संध्याकाळी सात असे फोन ठरले. बॅटरी वाचवायची म्हणून प्रत्येक फोन दोन मिनिटांचा. आधी पातळी, मग धरणं, मग कुठला रस्ता सुरू आणि कुठला बंद. दादा फोन स्पीकरवर टाकायचा, कारण शेजारच्या दोन घरांतली माणसंही त्यांच्या गच्चीवर आली होती. एकदा वेळ संपत आली म्हणून मी रस्त्यांवरच थांबले आणि ठेवते म्हटलं, तेवढ्यात मागून वहिनींचा आवाज आला, "अहो वन्सं, हवामान राहिलं की!"